कुलूप पानाला, फाइल रस्त्यावर: देवस्थानांच्या सभासद वेबसाइटबद्दल फिरणाऱ्या निरोपाचा प्रतिवाद

गोव्यातल्या देवस्थान समित्या, नाट्यमंडळे, वाचनालये यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप पुन्हा पुन्हा येतो. मजकूर साधारण असा: वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवण्याच्या तयार प्रणालीवर) साइट करा, एक मोफत मेंबरशिप प्लगइन (सभासदत्व सांभाळणारा जोड-प्रोग्राम) घाला, महाजन (देवस्थानाचे पिढीजात हक्कदार), कुळावी (ज्यांचे ते कुलदैवत ते भाविक) आणि समिती असे तीन रोल करा, समितीतल्या सगळ्यांना अ‍ॅडमिन करा, आतल्या पानांना कुलूप लावा, वर्गणीची मुदत संपली की प्लगइन आपोआप माणसाला बाहेर काढतो. अर्ध्या तासाचे काम, कोणाला पैसे देऊ नका.

अर्धा तास खरा आहे. मोफत प्लगइनमध्येही वाईट काही नाही, त्यातले काही चांगलेच आहेत. चूक आहे ती पाया घालताना. रोल म्हणजे साइटच्या मागच्या खोलीत कोणाला काय करता येते. सभासदत्व म्हणजे कोणाला काय वाचता येते आणि कधीपर्यंत. हा निरोप दोन्हींची खिचडी करतो, आणि फाइलींचा तर त्याला पत्ताच नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

“आतल्या पानांना कुलूप लावले की सगळे सुरक्षित”

समितीचा खरा ऐवज पानांत नसतोच. आमसभेचे इतिवृत्त, वार्षिक जमाखर्च, पावणीच्या (देवळातल्या लिलावाच्या) रकमा, महाजनांची पत्ते-फोनसकट यादी, हे सगळे पीडीएफमध्ये असते. पीडीएफ मीडिया लायब्ररीतून चढवली की ती सर्व्हरवर ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधल्या ‘अपलोड्स’ फोल्डरात, वर्ष आणि महिन्याच्या उपफोल्डरात जाऊन बसते. सभासदांचे पान कोणी उघडले तर वर्डप्रेस चालते, प्लगइन चालतो, आलेला माणूस कोण ते बघितले जाते. पीडीएफचा पत्ता कोणी थेट उघडला तर यातले काहीच चालत नाही. वेब सर्व्हर फाइल उचलतो आणि देतो. एका सभासदाने ती लिंक भावाला पाठवली, भावाने ग्रुपवर टाकली, की तुमचे कुलूप दारावर आणि सामान रस्त्यावर.

पडताळणी दोन मिनिटांची आहे. लॉगिन करून कुलूपबंद पानावर जा, पीडीएफच्या लिंकवर राइट क्लिक करून पत्ता कॉपी करा, इन्कॉग्निटो खिडकीत चिकटवा. फाइल उघडली तर ती जगाला उघडी आहे. मग पत्त्यातले फाइलचे नाव खोडून नुसता फोल्डर उघडून बघा. तिथे फाइलींची यादी दिसली तर सर्व्हरवर डिरेक्टरी लिस्टिंग चालू आहे. ते आधी बंद करा.

एक गोष्ट जाणकारांच्याही नजरेतून सुटते. वर्डप्रेस ४.७ पासून, म्हणजे २०१६ पासून, पीडीएफ चढवली की सर्व्हरवर सोय असल्यास तिच्या पहिल्या पानाचे चित्र आपोआप तयार होते आणि त्याच फोल्डरात वेगवेगळ्या आकारांत साठते. महाजन यादीचे पहिले पान म्हणजे पंचवीस-तीस नावे आणि फोन. तुम्ही पीडीएफ नीट झाकली तरी ही चित्रे उघडी राहू शकतात. फोटोंचेही तसेच: एका फोटोच्या चार-पाच आकारांच्या फाइली बनतात आणि प्रत्येकीचा पत्ता वेगळा असतो.

उपाय सोपे ते अवघड या क्रमाने. होस्टिंग अपाची किंवा लाइटस्पीड या सर्व्हरवर असेल तर खाजगी फाइलींसाठी वेगळा फोल्डर करून त्यात ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलने (सर्व्हरला त्या फोल्डरापुरत्या सूचना देणाऱ्या फाइलने) थेट प्रवेश नाकारता येतो, आणि प्लगइन लॉगिन तपासून मगच फाइल देतो. होस्टिंग एनजिनएक्सवर असेल तर ही ‘एचटीअ‍ॅक्सेस’ वाचलीच जात नाही. काही प्लगइन ती फाइल निमूटपणे तयार करून ‘संरक्षित’ असे हिरव्या अक्षरांत दाखवतात आणि प्रत्यक्षात काहीच झालेले नसते. तेव्हा होस्टिंगवाल्याला आधी विचारा की सर्व्हर कोणता. सगळ्यात भक्कम मार्ग म्हणजे फाइली ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरच्या बाहेर ठेवणे. तिथे वेब पत्ताच नसतो, आणि फाइल फक्त तपासणी करणाऱ्या स्क्रिप्टमधून बाहेर येते. भजनांची किंवा नाटकांची मोठी ध्वनिमुद्रणे अशी देऊ नका, स्वस्त होस्टिंग कोलमडेल. त्यांना डिजिटल सही असलेली, थोड्या वेळाने आपोआप बाद होणारी लिंक बरी.

रोबोट्स फाइलमध्ये फोल्डरचे नाव घालून गूगलला ‘इकडे येऊ नको’ सांगण्याचा सल्लाही सोबत दिला जातो. ती फाइल कोणालाही वाचता येते. लपवायच्या जागांची यादी दारावर टांगण्यात काय हशील?

पानाच्या मजकुराचे कुलूपही तपासल्याशिवाय मानू नका. काही प्लगइन पान झाकतात पण आरएसएस फीडमध्ये (नव्या लेखांच्या आपोआप निघणाऱ्या यादीत), साइटच्या शोधात किंवा रेस्ट एपीआयच्या (दुसऱ्या प्रोग्रामना साइटचा मजकूर देणाऱ्या मार्गाच्या) उत्तरात मजकूर पूर्ण किंवा अर्धा सोडतात. मेन्यूतून लिंक काढणे म्हणजे कुलूप नव्हे. मजकुराच्या मागेपुढे शॉर्टकोड (प्लगइनला कळणारे कंसातले संकेत) घालून झाकले असेल तर प्लगइन बंद पडल्या क्षणी शॉर्टकोडचे कंस आणि त्यांच्या मधला मजकूर दोन्ही उघड्यावर येतात. म्हणून प्लगइन अपडेट झाला की इन्कॉग्निटोतून पान, पीडीएफ, फीड आणि शोध या चार जागा बघायच्याच.

महाजन यादी ही नुसती कागदोपत्री बाब राहिलेली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देवस्थानाला एवढा दंड कोणी लावणार नाही, पण ‘प्लगइन घातला होता’ हे उत्तरही कोणी ऐकून घेणार नाही. मुळात फोन नंबर साइटवर हवेतच कशाला? नाव आणि नोंदणी क्रमांक एवढ्यावर बहुतेक कामे भागतात.

“समितीतल्या सगळ्यांना अ‍ॅडमिन करा”

अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार, सगळे अ‍ॅडमिन, म्हणजे चौघांपैकी ज्याचा पासवर्ड सर्वांत कच्चा तेवढी साइट पक्की. अ‍ॅडमिनला प्लगइन घालता-काढता येतो, वापरकर्ते पुसता येतात, मूळ मांडणीत थीमच्या फाइली ब्राउझरमधूनच बदलता येतात. ही शेवटची सोय ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या मूळ फाइलमध्ये एका ओळीने बंद होते; ती करा.

वर्डप्रेसचे तयार रोल बहुतेकांना पुरतात, फक्त त्यांच्या खाचाखोचा माहीत हव्यात. सबस्क्रायबर वाचतो आणि स्वतःची माहिती बदलतो, बस. कंट्रिब्युटर लिहितो, पण प्रकाशित करू शकत नाही, फोटोही चढवू शकत नाही, म्हणून जत्रेचे फोटो टाकणाऱ्या मुलाला हा रोल दिला की दुसऱ्याच दिवशी तक्रार येते. त्याला ऑथर करा: स्वतःचे लेख आणि फोटो त्याचे तो बघेल, दुसऱ्यांच्या मजकुराला आणि कायमच्या पानांना त्याचा हात लागणार नाही. सचिवाला एडिटर. एडिटर हा मात्र दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही: एकाच साइटच्या मांडणीत तो लेखात स्क्रिप्टसुद्धा घालू शकतो आणि खाजगी ठेवलेले लेख वाचू शकतो. म्हणून एडिटर दोघांपेक्षा जास्त नकोत. खजिनदाराला साइटचा रोल नकोच. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) स्वतःच्या डॅशबोर्डवर त्याला फक्त अहवाल बघण्याचे खाते द्या. अ‍ॅडमिन दोन, दोघांचे लॉगिन वेगळे, दोघांना टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी खात्री).

“महाजन, कुळावी, समिती असे तीन रोल करा”

रोलला तारीख नसते. महाजनपण वर्गणीवर अवलंबून नाही. १९३३च्या देवस्थान नियमनाखाली त्याची नोंद होते आणि ते पिढीजात चालते. देवस्थानाच्या अंकाची (नियतकालिकाची) वर्गणी किंवा वार्षिक अभिषेकाची योजना मात्र दरवर्षी संपते. आता एकच माणूस महाजन आहे, समितीचा सचिव आहे आणि वार्षिक योजनेतही आहे. त्याला तीनपैकी कोणता रोल देणार? वर्डप्रेसच्या नेहमीच्या पडद्यावर एका माणसाला एकच रोल निवडता येतो. योजना रोलला जोडणारे बरेच प्लगइन मुदत संपली की जुना रोल काढून सबस्क्रायबर लावतात. ३१ मार्च उलटतो आणि १ एप्रिलला सचिवाच्या डॅशबोर्डवरून लेख लिहायचे बटणच गायब होते. प्लगइनने सांगितले तेच केले असते.

तेव्हा रोल कामापुरते ठेवा आणि वाचण्याचा हक्क प्लगइनच्या ‘लेव्हल’वर. चांगल्या प्लगइनमध्ये एका माणसाला एकाहून अधिक लेव्हल देता येतात: ‘महाजन’ मुदतीविना, ‘वार्षिक’ मुदतीसह. ही सोय नसेल तर तो प्लगइन देवस्थानाच्या कामाचा नाही, फुकट असला तरी.

नोंदणीही इथेच बघून घ्या. सेटिंगमध्ये ‘नव्या वापरकर्त्याचा रोल’ सबस्क्रायबरच हवा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘मी महाजन आहे’ अशी निवड देऊन लगेच लेव्हल देऊ नका. अर्ज प्रलंबित राहू दे, नोंदवहीशी ताडून सचिवाने हाताने मंजूर करावा. काही फॉर्म रोलचे नाव लपलेल्या रकान्यात पाठवतात. जाणकार माणूस तो रकाना ब्राउझरमध्येच बदलून स्वतःला एडिटर करून घेऊ शकतो.

“मुदत संपली की आपोआप बंद”

आपोआप म्हणजे वर्डप्रेसच्या क्रॉनने (ठरल्या वेळी कामे करणाऱ्या यंत्रणेने), आणि तो क्रॉन कोणीतरी साइट उघडल्याशिवाय चालत नाही. जत्रा सोडून एरवी रात्रभर कोणी न फिरकणाऱ्या साइटवर स्मरणपत्रे उशिरा जातात, मुदतीही उशिरा संपतात. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मधून तो बंद करून होस्टिंगच्या पॅनेलमधून दर १५ मिनिटांनी खरा क्रॉन लावा. टाइमझोन कोलकाता ठेवा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर सगळ्या मुदती साडेपाच तास सरकतात. मुदतीची तारीख ‘३१ मार्च, ००:००’ अशी साठत असेल तर सभासदाचा शेवटचा दिवस बुडतो, आणि त्या दिवशीच तो पैसे भरायला आलेला असतो.

आपोआप नूतनीकरणाचे म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पैसे वळते होण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जावी लागते आणि तो तिथूनच नकारही देऊ शकतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या व्यवहारांना दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे आले की नाही हे साइटला कळते ते गेटवेच्या वेबहुकवरून (गेटवेने साइटला आपोआप पाठवलेल्या निरोपावरून). तो एकदा चुकला की पैसे भरलेला सभासद बाहेर राहतो. महिन्यातून एकदा गेटवेचा अहवाल आणि साइटवरची यादी समोरासमोर धरायलाच हवी. शिवाय गोव्यात बरीच वर्गणी आजही आमसभेत रोख किंवा क्यूआरवर येते. क्यूआरचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका. बँकेच्या खातेउताऱ्यात १२ आकडी यूपीआय क्रमांक सापडला की मगच मुदत वाढवा. आणि सोबत देणगीचे बटण ठेवणार असाल तर नागरिकत्वाचा रकाना हवाच: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कुळाव्याची देणगी परकीय योगदान नियमन कायद्याखाली (एफसीआरए) परकीय योगदान ठरते, भारतीय पासपोर्टवर दुबईत राहणाऱ्याची नाही.

“जत्रेत साइट मंदावली तर कॅशे घाला”

घाला, पण सभासदांची पाने वगळून. कॅशे म्हणजे एकदा तयार झालेले पान साठवून पुढच्या माणसाला तेच देणे. चांगले कॅशे प्लगइन लॉगिन केलेल्यांना मुळातच वगळतात. गडबड होते ती कोणी सीडीएनवर (साइटच्या प्रती ठेवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) ‘सगळे कॅशे करा’ हा नियम लावला की. मग अनोळखी माणसाला वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच सभासदाचे नाव आणि खाली त्याची पावती दिसते. एका ब्राउझरमध्ये लॉगिन करून पान उघडा, लगेच दुसऱ्यात लॉगिनविना तेच उघडा. कळते.

“नाहीतर एकच पासवर्ड ग्रुपवर टाका”

एका माणसाला काढायचे तर सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो. एवढ्यावर सोडून देऊ.

समिती बदलते तेव्हाचे मात्र निरोपात एक अक्षर नाही, आणि बऱ्याच साइटी तिथेच हातातून जातात. जुन्या सचिवाचे खाते पुसू नका. पुसताना वर्डप्रेस विचारते की त्याच्या मजकुराचे काय करायचे, आणि घाईत पहिला पर्याय निवडला की कार्यकाळभराचे लेख जातात. खात्याचा रोल सबस्क्रायबर करा, त्याची महाजनाची लेव्हल राहू द्या. पासवर्ड बदलला तरी अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या प्रोग्रामसाठी काढलेले वेगळे पासवर्ड) बाद होत नाहीत. प्रोफाइलच्या तळाशी जाऊन ते वेगळे रद्द करावे लागतात. साइटचा प्रशासकीय ईमेल बदला आणि नव्या पत्त्यावर आलेली पुष्टीची लिंक दाबा, नाहीतर जुनाच पत्ता चालू राहतो. डोमेन आणि होस्टिंगचे खाते बघा: ते मावळत्या सचिवाच्या वैयक्तिक जीमेलवर आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर असेल तर कार्यभार सोपवल्याच्या कागदावर सही होण्याआधी, त्याच बैठकीत, तो समोर बसलेला असतानाच दोन्ही बदलून घ्या.