‘रोझेशिया हा गोऱ्यांचा आजार’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की रोझेशिया (चेहऱ्याच्या मधल्या भागावर पुन्हापुन्हा लाली आणणारा त्वचेचा विकार) हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे तोंड लाल होतं ते उन्हाने नाहीतर पित्ताने, आणि मी उगाच लोकांना घाबरवतेय. शिवाय तुमच्या वहिनींचा चेहरा मेडिकलमधल्या एका ट्यूबने आठवड्यात साफ झाला. सविस्तर लिहिते, कारण वहिनींची मला खरोखर काळजी वाटतेय.

गोऱ्या लोकांत याचं प्रमाण जास्त आढळतं, हे बरोबर. पण सावळ्या त्वचेलाही तो होतो, फक्त लवकर ओळखू येत नाही. लाली शोधायची म्हटलं तर आपल्या रंगावर ती उठून दिसत नाही. दिसते ती काळपट तांबूस झाक, आणि ती वांग म्हणून खपून जाते. म्हणून मी आधी विचारते, जाणवतं काय? फोडणीसमोर उभं राहिलं, गरम चहा घेतला, उन्हातून आलं की गाल आणि नाक भगभगतात का? साधं मॉइश्चरायझरही चुरचुरतं का? हे पुन्हापुन्हा आणि चेहऱ्याच्या मधल्या भागातच होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

माझ्या डॉक्टरांनी गालावर काचेची पट्टी दाबून दाखवली होती. दाबल्यावर तांबूसपणा उतरला, पट्टी उचलताच परत चढला. वांगाचा डाग असा दाबून जात नाही. पुटकुळ्या मुरुमांसारख्याच येतात, पण रोझेशियात ब्लॅकहेड नसतात. अर्थात, गालांवरची प्रत्येक लाली रोझेशियाची नसते. सोबत सांधे दुखत असतील, तोंडात फोड येत असतील, तर ल्युपसचीही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराचीही, तपासणी लागते. सगळं पित्तावर ढकलण्यातला धोका हाच.

आता ती ट्यूब. आठवड्यात चेहरा साफ करणाऱ्या मलमात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे लाली लगेच उतरते. महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, आणि थांबवलं की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. नुसत्या या मलमांमुळेही रोझेशियासारखा चेहरा होतो. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टिरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, तरी काउंटरवर ती सर्रास मिळतात, याचा मला फार राग येतो.

वहिनींच्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का, एवढं बघा. असेल तर ती ट्यूब घेऊनच त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. रोझेशियाच निघाला तर मेट्रोनिडाझोल, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, आयव्हरमेक्टिनची मलमं आहेत. गुण यायला आठवडे लागतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का, पापण्यांच्या कडा लाल असतात का, तेही विचारा. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. तसं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही लगेच दाखवा.