एक ना धड, भाराभर मंत्र

डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या खेळात पात्राची पाचवी लेव्हल म्हणजे चैन. विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा आगीचा मंत्र मिळतो, तर क्लेरिक (देवाचा पुजारी) नुकत्याच मेलेल्याला उठवून बसवतो. आमचं पात्र तीन लेव्हल क्लेरिक आणि दोन लेव्हल विझार्ड असल्यामुळे त्याला यातलं काहीच येत नाही.

स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणायच्या संधी, मात्र मिळतात! २०१४च्या नियमांत दोन्ही क्लासच्या (पेशांच्या) लेव्हल एकत्र धरून स्लॉट मोजतात. म्हणजे माझ्याकडे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट आहेत आणि तिसऱ्या पातळीचा मंत्र एकही नाही. बँकेत मोठा लॉकर घ्यावा आणि आत जुनी वीजबिलं ठेवावीत, तसं मी त्यात पहिल्या पातळीचा, जखमा भरणारा क्युअर वूंड्स कोंबतो.

क्लेरिकचे मंत्र विज्डम (शहाणपण) या गुणावर, विझार्डचे इंटेलिजन्सवर (बुद्धीवर). पात्र घडवताना मिळणाऱ्या २७ पॉइंटांत दोघांची मर्जी राखायची, वर जीव वाचवायला कॉन्स्टिट्यूशन (तब्येत). दोन्हीकडे १४-१४ वाटून दिले. चौथ्या लेव्हलला गुणांत होणारी वाढही नाही, कारण ती एकाच क्लासमध्ये चार लेव्हल झाल्यावर मिळते. परिणामी माझा सेव्ह डीसी (मंत्र चुकवायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) १३, शेजारच्या अस्सल विझार्डचा १५. माझ्या मंत्रातून गोब्लिन असे निसटतात की खेळ चालवणाऱ्या डीएमला फासा टाकायचाही कंटाळा येतो.

खरी कसरत हातांची. डाव्या हातात ढाल, उजव्यात गदा. ढालीवर देवाचं चिन्ह असल्याने क्लेरिकचे काही मंत्र त्यावर भागतात. विझार्डच्या मंत्रांना ते चिन्ह चालत नाही, हात मोकळाच लागतो. म्हणून मॅजिक मिसाइल सोडायच्या आधी मी गदा खाली टाकतो आणि पुढच्या पाळीला उचलतो. गेल्या लढाईत ती एका गोब्लिनाने उचलली आणि मलाच हाणली. टेबलावर इतकं हसू माझ्या कुठल्याही मंत्राने आलेलं नाही.

त्याच लढाईत आमचा बार्बेरियन (रांगडा लढवय्या) जीव शून्यावर येऊन पडला. मी बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र म्हटला आणि उत्साहाने मॅजिक मिसाइलचे फासे उचलले. ‘‘थांब, बोनस ॲक्शनला मंत्र म्हटलास, आता फक्त कॅन्ट्रिप!’’ (म्हणजे स्लॉट न लागणारा फुटकळ मंत्र.) हे कोण म्हणालं? तोच बार्बेरियन. ज्याला एक मंत्र येत नाही, त्याला मंत्रांचे नियम पाठ. तेही मी उठवल्यावर अर्ध्या मिनिटात.

आता सहावी लेव्हल आली आहे. सगळे एकसुरात ‘‘क्लेरिक घे’’ म्हणतात, कारण सगळ्यांना फुकटचा डॉक्टर हवा आहे. मी विझार्डच घेणार. तिसऱ्या पातळीचे स्लॉट तीन होतील, मंत्र तरीही शून्य. पण क्षणात दुसरीकडे नेणारा मिस्टी स्टेप मिळेल. तो नुसत्या तोंडाने म्हणता येतो, हात लागत नाही. निदान पळताना तरी गदा माझ्याच हातात असेल.