दहा एमएमची प्लेट चेसिसला वेल्ड करू नका

ऑफरोडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. थार, जिम्नी, जिप्सी चालवणाऱ्यांनी गाडीच्या पोटाखाली कोणती स्किड प्लेट, म्हणजे खालचे भाग दगडांपासून वाचवणारं कवच, लावावी, हे तो सांगतो. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: कंपनीची प्लेट म्हणजे नुसता पत्रा, ती काढून टाका. लोखंड कमीत कमी १० एमएमचं घ्या, जाडी जास्त तेवढं संरक्षण जास्त. बोल्ट ढिले होतात, म्हणून प्लेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्ड करा. पुढच्या बंपरपासून मागच्या डिफपर्यंत (डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा) एकच सलग प्लेट हवी आणि तिला एकही भोक नको, म्हणजे चिखल-पाणी आत येणार नाही. अ‍ॅल्युमिनियम ही लूट आहे. आणि एकदा प्लेट लागली की खाली वाकून बघायची गरज संपली.

असल्या संदेशांना मी एरवी उत्तर देत नाही. पण माझ्या भाच्याने हा वाचून चिपळूणच्या एका फॅब्रिकेटरकडून दर मागवला आणि मला विचारलं, “मामा, वेल्डिंग किती ठिकाणी घ्यायला सांगू?” मुलाने मोठ्या हौसेने, कर्ज काढून गाडी घेतली आहे. तिच्या चेसिसवर कुणाच्या तरी आत्मविश्वासापायी वेल्डिंगचा रॉड टेकणार असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

बंपरपासून मागच्या डिफपर्यंत सलग प्लेट आणि तीही चेसिसला पक्की, हे लिहिणाऱ्याने अशी गाडी कधी खालून पाहिली असेल यावर माझा विश्वास नाही. जिम्नी आणि जिप्सीचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच कडक दांड्याने जोडलेलं. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पण मागचा अ‍ॅक्सल अखंडच. डिफ या अ‍ॅक्सलवर बसलेला असतो, चेसिसवर नव्हे. चाक खड्ड्यात उतरलं की अ‍ॅक्सल खाली लोंबतो, त्याच्याबरोबर डिफ खाली येतो आणि प्रोपेलर शाफ्टचं मागचं टोकही. चेसिस मात्र जागेवरच राहते. आता त्या चेसिसला पक्की केलेली प्लेट डिफच्या खाली नेली, तर अ‍ॅक्सल खाली येताना डिफ आपटणार त्या प्लेटवरच. म्हणजे दगडापासून वाचवायला लावलेली वस्तू स्वतःच दगडाचं काम करणार. हे टाळायला प्लेट आणखी खाली टांगली, तर ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी, म्हणजे जमिनीपासूनच्या उंचीसाठी, ही गाडी घेतली तोच गेला. थारचा कंपनीने दिलेला आकडा २२६ एमएम, जिम्नीचा २१०. त्यातले मूठभर एमएम जाणंसुद्धा कातळावर जाणवतं.

डिफला संरक्षण हवं असेल तर ते अ‍ॅक्सलवरच बसवायचं, वेगळं, छोटं, डिफच्या गोलाईला धरून. चेसिसवरची प्लेट चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांच्यासाठी. पेट्रोलच्या टाकीचं कवच तिसरं. ही तीन वेगळी कामं आहेत, एका सलग पत्र्याने ती होत नाहीत. पुढून मागे दोन-तीन प्लेटा असतील तर त्या कौलांसारख्या एकीवर एक याव्यात. पुढच्या प्लेटची मागची कड खाली आणि मागच्या प्लेटची पुढची कड तिच्या वर, म्हणजे गाडी पुढे सरकताना दगड कडेत अडकत नाही, पुढच्या प्लेटवरून मागचीवर घसरत जातो.

आता ‘एकही भोक नको’. या सगळ्या संदेशातलं हे सर्वांत धोकादायक वाक्य आहे.

पाणी आत येऊ नये म्हणून भोक नको, असं त्यात म्हटलंय. पाणी येणारच. ओढ्यात घातलेल्या गाडीच्या खालच्या बाजूला प्लेटच्या वरून, चाकांच्या बाजूने, इंजिनच्या फटींतून पाणी येतं. प्रश्न ते बाहेर कसं जाणार याचा आहे. भोकं नसतील तर कोकणातली लाल माती पाण्याबरोबर आत येऊन प्लेटवर बसते, वाळते, कडक होते. पुढच्या पावसात तिच्यावर आणखी थर बसतो. हा ओला गाळ चेसिसला आणि ब्रेकच्या नळ्यांना चिकटून महिनोन् महिने राहतो. गंजायला यापेक्षा चांगली सोय नाही. पोटाखालून वाहणारी हवाही अडते. ४ एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये, मे महिन्यात, पायी चालायच्या वेगाने चढ चढताना गिअरबॉक्सला गार करायला आधीच फारशी हवा मिळत नाही.

पण मला खरी काळजी आगीची आहे. दिवाळी झाली की सह्याद्रीतल्या उतारांवरचं कुसळी गवत वाळून पिवळं पडतं. सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळी पठारांवर, गाडी नेऊच नये, हे माझं ठाम मत आहे आणि ते या लेखाबाहेरचं आहे. पण गावाकडच्या गाडीवाटांवरही मधल्या पट्ट्यात गुडघाभर गवत असतं. गाडी त्यावरून जाताना ते तुटतं आणि प्लेटच्या कडांवरून आत शिरतं. खालून बंद असलेल्या प्लेटवर त्याचा गादीसारखा थर जमतो आणि वर काही इंचांवर सायलेन्सरचा तापलेला नळ असतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, धुरातली काजळी धरणारी डीपीएफ ही गाळणी असते. ती भरली की साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन धुराचं तापमान मुद्दाम वाढवतं, साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत. वाळलेलं गवत त्याच्या बरंच आधी पेटतं.

मी घाबरवतोय असं वाटत असेल तर गाडीबरोबर मिळालेलं हँडबुक उघडा. वाळलेलं गवत, पालापाचोळा किंवा पेट घेणाऱ्या वस्तूंवर गाडी उभी करू नका, हा इशारा जवळपास प्रत्येक कंपनीच्या हँडबुकात असतो. तो कायद्याच्या भीतीने छापलेला नसतो. गाडी ज्यांनी बनवली त्यांना नळ किती तापतो हे माहीत असतं, म्हणून तो असतो. कंपनी गवतावर उभंसुद्धा राहू नका म्हणते आणि हा संदेश सांगतो की गवत साठवणारं भांडंच सायलेन्सरखाली वेल्ड करा. या दोनांपैकी कुणाचं ऐकायचं हे मला समजावून सांगावं लागू नये.

प्लेटला भोकं हवीत. चेंबरच्या ड्रेन प्लगखाली एक, गिअरबॉक्सच्या प्लगखाली एक, आणि पाणी-गाळ बाहेर जायला सर्वांत खोल भागात काही फटी. शिवाय पाण्याचा पाइप लावून धुता येईल इतकी जागा. भोकाची धार आतल्या बाजूला वळवून घेतली तर ते दगडात अडकत नाही.

वेल्डिंगचंही तेच. शिडीच्या आकाराच्या चेसिसच्या पट्ट्या आतून पोकळ असतात. त्यांना कारखान्यात आतून-बाहेरून गंजरोधक लेप दिलेला असतो. बाहेरून वेल्ड मारला की त्या जागी आतला लेप जळतो. बाहेर रेड ऑक्साईड मारता येईल, आत ब्रश कसा घालणार? गंज आतून सुरू होतो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि पुढचं साधं गणित करून पाहा. चेंबरचं पॅकिंग बदलायचं, क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवायचा, तर वेल्ड केलेली प्लेट काढायची कशी? दर वेळी ग्राइंडरने कापायची आणि पुन्हा त्याच पट्टीवर वेल्ड मारायचा, असंच होणार. वॉरंटीचं काय होईल हे सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारा. कायद्याचंही बघा: मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि गाडीचं रिकामं वजन हा त्यातलाच एक तपशील आहे. बोल्टने लावलेली हलकी प्लेट अर्ध्या तासात उतरते. वेल्ड केलेली उतरत नाही.

बोल्ट ढिले होतात हे मात्र खरं आहे. होतात. त्यासाठी नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज न सुटणारे) वापरायचे आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर पुन्हा आवळायचे. बोल्टचं डोकं प्लेटमध्ये खोल बसलं पाहिजे. बाहेर आलेलं डोकं दगडावर घासून गोल होतं आणि मग पाना लागत नाही. शक्य तिथे चेसिसवर आधीपासून असलेली आटे पाडलेली भोकं वापरायची.

जाडीचा मुद्दा लोकांना सर्वांत पटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. लोखंडाची घनता ७.८५. एक चौरस मीटर १० एमएम प्लेट म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर किलो. बंपरपासून ट्रान्सफर केसच्या मागपर्यंत दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद प्लेट धरली तर सुमारे ११८ किलो. हे सगळं गाडीच्या सर्वांत खाली, बहुतेक पुढच्या स्प्रिंगांवर. गाडी पुढून बसते, म्हणजे जो क्लिअरन्स वाचवायचा होता तोच कमी होतो. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, उताराला हे जाणवतं.

आणि मिळतं काय? प्लेटचं वाकणं तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं (जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट), हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. त्यामुळे चार एमएमवर आल्यावर बहुतेकांना पुरेसा ताठपणा मिळतो, कारण चेसिसच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर फार नसतं. त्याहून जास्त हवा असेल तर प्लेटच्या कडा आणि मधला भाग बेंडिंग मशिनवर दुमडून घ्यायचा. एक दुमड जेवढा ताठपणा देते तेवढा मिळवायला जाडी खूप वाढवावी लागेल, वजनासकट. शिवाय प्लेटचं काम दगडाला हरवणं नाही. तिने दगडावरून घसरायचं, धक्का पसरवायचा आणि गरज पडली तर स्वतः वाकायचं. न वाकणारी प्लेट तो धक्का जसाच्या तसा चेसिसच्या आडव्या पट्टीला देते. वाकलेली प्लेट शे-दोनशे रुपयांत ठोकून सरळ होते. वाकलेली चेसिस होत नाही.

अ‍ॅल्युमिनियमला लूट म्हणणाऱ्याने हाच हिशेब पुढे न्यावा. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश, घनताही २.७, म्हणजे तीही साधारण एक-तृतीयांश. जाडीचा घन धरला तर ६ एमएम अ‍ॅल्युमिनियमची प्लेट ४ एमएम लोखंडी प्लेटपेक्षा थोडी अधिकच ताठ निघते आणि वजन चौरस मीटरला ३१ किलोऐवजी १६ किलो. हे लुटीचं लक्षण नाही. ग्रेड मात्र विचारून घ्या. ५०५२ हे दुमडायला आणि मार खायला चांगलं. ६०६१-टी६ जास्त मजबूत असतं, पण वेल्ड केलं की त्या जागी कमजोर होतं.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. आपल्या बेसॉल्टच्या कातळावर लोखंड जास्त चांगलं घसरतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने धारदार दगड त्यात रुततो, चरे पडतात, कधी प्लेट दगडावर धरून बसते. लोखंडी प्लेट कुठल्याही गावातला वेल्डर दुरुस्त करतो, अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही. किनारपट्टीला लोखंडी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे खारट ओलाव्याने पांढरी भुकटी धरते, म्हणून मध्ये लेप किंवा वॉशर लागतो. त्यामुळे दगडांवर नेहमी जाणाऱ्याने ३ ते ४ एमएमची दुमडलेली लोखंडी प्लेट घेतली तर माझा विरोध नाही. हायवेवर लांब पल्ला मारून मग कच्च्या रस्त्याला लागणाऱ्याला ६ एमएम अ‍ॅल्युमिनियम जास्त परवडेल.

कंपनीची प्लेट पातळ असते, हेही अर्धं खरं. काही गाड्यांच्या बंपरखाली चंदेरी रंगाचं जे दिसतं ते चक्क प्लॅस्टिक असतं, त्याला संरक्षण समजू नये. पण ‘काढून फेका’ हे उतावीळपणाचं आहे. आधी गाडी रॅम्पवर चढवा आणि खाली कुठे ओरखडे आहेत ते पाहा. जिथे खरंच घासतंय तिथेच प्लेट हवी. चार ओरखडे चेंबरखालच्या पत्र्यावर असतील आणि ट्रान्सफर केस कोरी असेल, तर खर्च कुठे करायचा ते गाडीच सांगतेय.

राहिला ‘खाली बघायची गरज नाही’ हा मुद्दा. प्लेट लावल्यावर जास्त बघावं लागतं. गळणारं तेल आता जमिनीवर डाग पाडत नाही, प्लेटवर साठतं, आणि कळतं तेव्हा इंजिनमध्ये तेल उरलेलं नसतं. चिखलातून आलात की त्याच दिवशी पाइपने आतून धुवा. गवतातून आलात तर गाडी थंड झाल्यावर हात घालून गवत काढा. पावसाळा संपला की प्लेट पूर्ण उतरवा, मागची बाजू खरवडून रंगवा, बोल्टना ग्रीस लावून परत चढवा. फॅब्रिकेटरकडे जाताना हे लक्षात ठेवून एकच अट घाला: दोन माणसांनी, साध्या पान्याने, रस्त्याच्या कडेला उतरवता आली पाहिजे. तो नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.