मडक्याच्या तळावरची नावं

परवा भाच्याने आमच्या घरच्या ग्रुपवर एक वारली चित्र टाकलं. तारपा नाच, आणि मागून लोकल चाललेली. तासाभरात दोन तट पडले. एक म्हणे ही वारली नव्हेच, दुसरा म्हणे काळाबरोबर बदलायला हवं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत इतकी वर्षं राहून मला वाटतं, हा निवाडा करणारे आपण कोण?

सांता फेजवळ सान इल्डेफोन्सो नावाचं प्वेब्लो या मूळनिवासी लोकांचं गाव आहे. जुन्या उत्खननातल्या खापरांसारखी भांडी करून दे, असं तिथल्या मारिया मार्टिनेझला एका पुरातत्त्वज्ञाने सांगितलं होतं. त्या खटपटीतून 1919च्या सुमारास निघालं ते मात्र नवंच: काळ्यावर काळी नक्षी. चाक नाहीच. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून मारिया भांडं घडवायची, लेप देऊन दगडाने आरशासारखं घोटायची. नवरा ज्युलियन त्यावर लेपानेच पाणसर्प काढायचा. भाजताना जाळावर घोड्याची वाळलेली लीद टाकून धूर कोंडायचा. भांडं काळं पडायचं. घोटलेला भाग चमकायचा, नक्षी मंद राहायची. आज सगळे याला 'पारंपरिक' म्हणतात. मुलगा पोपोवी दा याने काळ्याशेजारी तांबूस तपकिरी छटा आणली, नातू टोनी दा याने मातीत फिरोजे जडवले.

मला सर्वांत भावते ती तळावरची सही. आधी एकट्या मारियाची, मग ज्युलियनसोबत. 1943 मध्ये तो गेला, त्यानंतर सून सांताना, पुढे पोपोवी. भांडी उलटी करत गेलं की घर कळतं.

आपल्याकडे वारल्यांच्या लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं विधीचं चित्र, सवाष्णी लिहीत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी, एका पुरुषाने, ते चित्र विधीबाहेर कागदावर आणलं, हा लोकलपेक्षा केवढा मोठा बदल! 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मुलगेही चित्रं काढू लागले. तिथे बदल घरातल्यांनी केला. मगांवर, पडद्यांवर छापलेल्या वारलीत मात्र घरच दिसत नाही, आणि माझा राग त्यावर आहे, लोकलवर नाही.

भाच्याला विचारलं, चित्र कुणी काढलंय? दुकानदाराने सांगितलं नाही, म्हणाला. मग पुन्हा जा आणि विचारून ये, असं त्याला लिहिलंय.