यातला वाईट माणूस कोणता?

आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. एका स्नेह्यांनी इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्या फाशीची ती जुनी चित्रफीत पुन्हा सर्वांना पाठवली, खाली "हुकूमशहांना हाच न्याय" असे लिहिले, आणि ज्यांच्या विवेकाबद्दल मला कधीच शंका नव्हती अशा माणसांनी त्यावर टाळ्या वाजवल्या.

ही चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली ती २००७ च्या जानेवारीत, रात्री, मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर. चित्र अंधूक होते, हलत होते. काळा कोट घातलेला, बुरखा नाकारून उघड्या तोंडाने उभा असलेला एक म्हातारा, आणि त्याच्या गळ्यात दोर अडकवणारी, तोंडे झाकलेली माणसे. माझा सहा वर्षांचा मुलगा झोपेतून उठून केव्हा मागे येऊन उभा राहिला, ते मला कळलेच नाही. "आई, यातला वाईट माणूस कोणता?" असे त्याने विचारले. मी मोबाइल पालथा ठेवला आणि त्याला झोपायला पाठवले.

उत्तर मला ठाऊक होते, तरी ते तोंडातून निघेना. कारण फाशीच्या तक्त्याभोवती जमलेले लोक त्याच्या विरोधकाच्या नावाचा गजर करत होते, आणि तो दुसऱ्यांदा कलमा म्हणत असताना, तो पुरा होण्याआधीच, पायाखालची फळी निसटली. आपण याला न्याय म्हणायचे?

त्याला फाशी झाली ती इराकमधल्या दुजैल गावच्या १४८ माणसांच्या हत्येबद्दल. उत्तर इराकमधल्या कुर्द लोकांच्या संहाराचा, 'अन्फाल' मोहिमेचा खटला तेव्हा चालूच होता. तो मेला आणि त्याच्यावरचे आरोप तिथेच संपले. १९८८ मध्ये हलब्जा या कुर्द शहरात विषारी वायूने सुमारे पाच हजार माणसे मारली गेली, त्याबद्दल त्याच्यावर कधी खटला चाललाच नाही. ज्या आयांनी आपली लेकरे तिथे पुरली, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दोराबरोबरच गेले.

आणि ही घाई कुणाला असते? रुमानियात १९८९ च्या नाताळच्या दिवशी हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्याची बायको यांचा खटला तासाभरात उरकून दोघांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा नव्या सत्तेचे म्होरके कालपर्यंत त्याच्याच पक्षात होते. साक्षीदाराला कायमचे गप्प करण्यात कुणाचा फायदा होता, हे सांगायला हवे का?

जिवंत ठेवलेला हुकूमशहा सुटू शकतो, हे मला मान्य करावेच लागेल. अर्जेंटिनाचा लष्करी हुकूमशहा व्हिडेला याला १९८५ मध्ये जन्मठेप झाली आणि १९९० मध्ये माफीही मिळाली. पण ती माफी पुढे रद्द झाली, कैदेतल्या स्त्रियांची तान्ही बाळे पळवल्याबद्दल २०१२ मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली, आणि ती ऐकायला त्या बाळांच्या आज्या जिवंत होत्या. २०१३ मध्ये तो तुरुंगातच मेला. मला हवा आहे तो हा न्याय, भले त्याला तीस वर्षे लागोत.

हे लिहिता लिहिता राग बराच निवळला. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही अन्यायाचीच चीड आहे, हे मी जाणते. तरीही त्या स्नेह्यांना मी आत्ताच कळवले आहे, की ती चित्रफीत कृपया काढून टाकावी. त्यांच्या घरातही सहा वर्षांची नात आहे, आणि ती मोबाइल हाताळते.