ओरिजिनल मिळेपर्यंत

जुनी ब्रिटिश मोटारसायकल नव्याने उभी करायची असेल, तर पहिली अट एकच: ती चालू असली पाहिजे. बंद गाडी मुळीच घेऊ नका. बंद गाडी चालू करणं कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही जमतं. चालती गाडी घरी आणून ती जागची हलणार नाही अशी करायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि ‘ओरिजिनल’ या शब्दावर वारकऱ्यासारखी निष्ठा लागते.

माझी बीएसए एम-२० मी फलटणजवळच्या एका वस्तीवरून आणली. तिच्या मालक आजोबांनी दुसऱ्या किकला गाडी चालू करून दाखवली. चाळीस वर्षं तिच्यावरून त्यांनी दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या. मी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला भरून आलं. कार्बोरेटर बुलेटचा, हेडलाइट राजदूतचा, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या जागी स्कूटरची कॉइल. पिस्टन विहिरीवरच्या इंजिनाचा, “कोल्हापुरात उद्यमनगरात घासून आणलेला.” त्यात कार्बोरेटरच्या वाटीला भडक लाल रंग. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरला तो वाया का घालवा, म्हणून.

निघताना आजोबा म्हणाले, “पावणं, गाडी न्या, पण तिला उगा उचकटू नका.”

हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. घरी आल्याबरोबर जे जे चालतंय ते ते काढा आणि भंगारवाल्याला किलोवर घाला. राहील ती खरी गाडी. माझ्याकडे फ्रेम, इंजिनाची केसिंग, पुढचा गर्डर फोर्क आणि टाकी राहिली. ती पाहून शेजारच्या मुलाने विचारलं, “काका, बीएसएची तर सायकल असते ना?”

आता शोधाला लागा. धीर सोडू नका. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी अशा १,२६,००० गाड्या बनल्या. म्हणजे तुम्हाला हवा तो भाग निदान १,२६,००० वेळा तरी बनलाय. तो कुठेतरी असणारच: कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दाराला अडसर म्हणून. तुम्ही फक्त दारोदार फिरायचं.

त्याआधी पाने घ्या. घरातले मिलिमीटरचे पाने इथे उपयोगाचे नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ या गृहस्थाने १८४१ साली आट्यांचं प्रमाण ठरवलं, ५५ अंशांचा कोन. त्याच्या पद्धतीत पान्यावरचा आकडा हा पान्याच्या तोंडाचा नसतो, ज्या बोल्टला तो पाना लागायचा त्या बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणजे ‘दोन सूत’ (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लिहिलेल्या पान्याचं तोंड दोन सुताचं नाही. पुढे बारीक आट्यांचं दुसरं प्रमाण आलं, तेव्हा तोच पाना तिथे अडीच सुताचा झाला. एवढं पाठ होतंय तोवर कळतं की गाडीत बऱ्याच ठिकाणी तिसरेच आटे आहेत, सायकलचे, इंचाला २६ आणि कोन ६० अंशांचा. (तेव्हा शेजारचा मुलगा फारसा चुकला नव्हता.) घाईत चुकीचा बोल्ट आवळा, आटे मारा, म्हणजे दुर्मीळ भागांच्या यादीत आणखी एकाची भर पडेल. यादी वाढती ठेवणं हेच या छंदातलं खरं कौशल्य.

मग रविवारी पुण्याचा जुना बाजार. तिथे नाणी, कुलपं, पंखे बघत बघत पुढे सरका आणि हवी ती वस्तू दिसली की आवाज शक्य तितका मरगळलेला ठेवून विचारा, “हा कसला तुकडा म्हणायचा?” विक्रेता तुमच्या बुटांकडे बघेल, मग डोळ्यांकडे. “बीएसएचा ओरिजिनल आहे साहेब, शेवटचा पीस.” तुम्ही नॉर्टन ही दुसरी ब्रिटिश गाडी शोधत असता, तर तो नॉर्टनचा झाला असता. एकदा मी अशीच एक स्प्रिंग ओरिजिनल म्हणून आणली. ती शिलाई मशीनची निघाली. अजून कपाटात जपून ठेवली आहे. न जाणो, उद्या शिलाई मशीन ओरिजिनल करायचं ठरलं तर?

मॅग्नेटो मात्र मिळाला. मिळतोच, कारण ज्याच्याकडे असतो त्याला तो खपवायचाच असतो. तो बनवणाऱ्या ल्युकस कंपनीला, तिचे दिवे ऐन वेळी विझतात म्हणून, खुद्द इंग्रजच ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. आत तारेच्या वेटोळ्यावर लाखेचा लेप असतो. मॅग्नेटो बरीच वर्षं पडून राहिला आणि मग तापला, की ती लाख पाघळते आणि सगळं जागच्या जागी चिकटतं. आपल्याकडे लाक्षागृहातून निदान पांडव तरी बाहेर पडले होते.

देशात भागत नसेल तर परदेशी नातेवाईक कामी येतात. माझा भाचा बर्मिंगहॅमला शिकायला गेला, तेव्हा घरच्यांना त्याच्या जेवणाची काळजी. मला मात्र आनंद, कारण बीएसएचा कारखाना तिथल्याच स्मॉल हीथमधला. पहिल्याच आठवड्यात त्याला पिटाळलं. “मामा, इथे कारखाना बिरखाना काही नाहीये.” नसणारच. १९७३ साली कंपनी बुडाली. मग त्याला सप्टेंबरात ब्यूलीच्या ऑटोजंबलला पाठवलं. तो म्हणजे त्यांचा जुना बाजार, १९६७ पासून भरतो, फक्त चिखल जास्त आणि भाव पौंडात. तिथेही म्हणे माणसं आवाज मरगळलेला ठेवूनच विचारतात.

शेवटी गाडीच्या मूळच्या, अ‍ॅमल कंपनीच्या कार्बोरेटरचे सुटे भाग इंग्लंडहूनच मागवले. पौंड मोजले, टपालखर्च मोजला, वर कस्टम ड्यूटी भरली. खोका उघडला. आत तेलकट कागद, त्यात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर बारीक अक्षरांत: मेड इन इंडिया.

असं झालं तर रागावू नका, अभिमान बाळगा. बीएसएचं नाव २०१६ पासून महिंद्रांच्या घरात आहे. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसने घेतली. ट्रायंफची ४०० सीसीची गाडी तर आमच्या चाकणला बनते. अख्खं साम्राज्य आपण किस्तीकिस्तीने परत आणलंय. कार्बोरेटरमधली एक फ्लोटची सुई तेवढी राहिलीय.

कागदपत्रंही याच काळात उरकून घ्या. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, अशी अट आहे. माझी गाडी ती सात वर्षांपासून पाळते आहे, नियम यायच्या आधीपासून.

गेल्या रविवारी पुन्हा जुन्या बाजारात होतो. एका फडक्यावर पितळी नळ, कुकरच्या शिट्ट्या आणि मधोमध एक कार्बोरेटर. वाटीला भडक लाल रंग.

मी आवाज मरगळलेला ठेवला. “हा कसला तुकडा म्हणायचा?”

“बीएसएचा आहे साहेब. चालू गाडीवरचा काढलेला.”

पहिल्यांदाच कोणी तिथे माझ्याशी खरं बोललं होतं. साडेचार हजार म्हणाला. घासाघीस करून चारवर आणला.