कूतमध्ये पीठ संपलं होतं

संक्रांतीला आमच्या घरच्या ग्रुपवर तिळगुळामागोमाग पानिपत येतंच. भाऊसाहेबांचं चुकलं की होळकरांचं, यावर यंदाही दिवसभर हाणामारी. मी एवढंच लिहिलं, की फौजेची रसद अब्दालीने तोडली होती, माणसं-जनावरं उपाशी होती, आधी त्याचं बोला. त्यावर भरतीसाठी रोज पहाटे धावणारा माझा पुतण्या म्हणाला, "काका, लढाई छातीवर जिंकतात, लॅपटॉपवर नाही. आणि तुमचा लॅपटॉप तर गोऱ्यांचा."

आठवडा झाला, ते डोक्यातून जात नाही.

मी इंग्लंडात ब्रिस्टलला संरक्षण नियोजनाच्या एका प्रणालीवर काम करतो. इंजिनिअरांची टीम माझ्याकडे आहे. फार सांगता येत नाही, पण मूळ प्रश्न आमच्या आजीलाही कळला असता: माणसं किती, कुठून, कशाने येणार, आणि ती पोचायच्या आधी पाणी पोचलंय का? एका बोटीची तारीख दोन दिवस सरकली की खालची शेकडो कामं सरकतात. गेल्या वर्षी चाचणीत सगळं हिरवं दिसत होतं. मागे बसलेल्या एका निवृत्त सार्जंट बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हा पाण्याचा टँकर भरलेला मोजलाय की रिकामा?" रिकामा मोजला होता. कोडमध्ये चूक नव्हती. आकडे दोन वेगवेगळ्या याद्यांतून आले होते आणि दोन्हींत रकान्याचं नाव फक्त 'वजन'. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन! मी रिलीज थांबवलं. तीन आठवडे गेले, पण कुणी आवाज चढवला नाही. साताऱ्यात माझी पहिली नोकरी होती, तिथे अशा वेळी "बघू, ॲडजस्ट होईल" म्हणायचे.

इथे फॉकलंडचा, म्हणजे त्या बेटांवरून ब्रिटन-अर्जेंटिनात झालेल्या युद्धाचा, विषय निघतोच. २५ मे १९८२ ला 'अटलांटिक कन्व्हेयर' या ब्रिटिश मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली आणि जवानांना पाठीवर ओझं घेऊन बेटभर चालावं लागलं. चालणाऱ्यांचा अभिमान आहेच, पण टीममधला नवा पोरगाही आधी विचारतो, इतकी हेलिकॉप्टरं एकाच जहाजावर का ठेवली? हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारला तर तो जवानांचा अपमान ठरतो.

पुतण्याला मला कूत सांगायचंय. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कूत-अल-अमारा इथे तुर्कांनी इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढलं. त्यात मराठा पलटणी होत्या. बसरा बंदरात माल उतरायचा, पण टायग्रिस नदीतून वर न्यायला बोटी पुरेशा नव्हत्या. विमानांतून पोती टाकून पाहिली, तीही पुरली नाहीत. घोडे कापायची पाळी आली, आपले कित्येक जण त्या मांसाला शिवेनात. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, शरणागती. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ तिथून परतलेच नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या महायुद्धात गेले. कूतमध्ये छाती कमी पडली नव्हती रे, पीठ संपलं होतं.

आणि तो गलथानपणा गोऱ्यांचाच होता, हे मला माहीत आहे. नोव्हेंबरात इथे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीला कोटावर पॉपीचं लाल फूल लावतात; ते लावून मी दोन मिनिटं उभा राहतो, तेव्हा शेजारच्यांना त्यांचे आजे-पणजे आठवत असतील. मला कूत आठवतं. हे काम आपल्या सैन्यासाठी का केलं नाहीस, असं पुतण्याने सरळ विचारलं असतं तर माझी बोलती बंद झाली असती. या कामाला ब्रिटिश नागरिकत्व लागत होतं. मी भारताचा पासपोर्ट परत केला आणि आईला सहा महिने सांगितलं नाही.

परवा दादाचा फोन आला. आमच्या बांधाला लागून असलेलं सव्वा एकर रान विकायला निघालंय. "तुझ्या नावावर घेऊ का? म्हातारपणी येशीलच की." ओसीआयवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माझ्यासारख्या भारतीयाला, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तरच चालते, हे मला त्याला सांगावं लागलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं, पोराच्या नावावर घेतो."

पोरगा म्हणजे तोच, पहाटे धावणारा. अर्धे पैसे मी पाठवतो म्हणालो.